टोमॅटोवरची अंडी: नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

नोकरी-शिक्षणासाठी घराबाहेर पडून खोली घेतलेल्या माणसाचा पहिला स्वयंपाक बहुधा मॅगी असतो आणि दुसरा भुर्जी. हा लेख तिसऱ्यासाठी आहे. सामान तेच: कांदा, टोमॅटो, मिरची, अंडी, मिसळणाच्या डब्यातले दोन-तीन मसाले. पण सकाळी पावाबरोबर हे खाल्लं की दुपारी दोनपर्यंत कँटीनची आठवण येत नाही.

पारशी घरांत जवळजवळ कशावरही अंडी फोडतात. भेंडीवर, मेथीवर, बटाट्याच्या तळलेल्या सळीवर आणि अर्थात टोमॅटोवर. ते याला ‘पर ईडू’ म्हणतात. खाली दिलेली पद्धत मुळात त्यांचीच आहे, फक्त माझ्या हातात ती थोडी तिखट झाली आहे. ट्युनिशियाकडची शक्शुका आणि तुर्कस्तानातलं मेनेमेन ही याच कुळातली. पण शक्शुका म्हटलं की लोक आधी सिमला मिरची आणायला धावतात, आणि तिच्यावाचून काही अडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं कांदा-टोमॅटोची आहेत, अंड्यांची फक्त पाच. नवा माणूस नेमकं उलटं करतो. टोमॅटो कसाबसा मऊ केला की अंडी फोडतो, मग ती शिजत नाहीत म्हणून काळजी करत बसतो आणि शेवटी ताटात आंबट पाणी घेऊन बसतो.

१. घरमालक, चूल आणि भांडं

भाड्याच्या घरात असाल तर अंडी चालतात का, हे खोली घेतानाच विचारा. पुण्या-मुंबईत ‘फक्त शाकाहारी’ म्हणणाऱ्या मालकांपैकी काहींना अंडं चालतं, काहींना अजिबात नाही. चार लोकांसमोर जिन्यात हा विषय निघण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

गॅसचं कनेक्शन नसेल तर दोन सोपे मार्ग आहेत. इंडियन ऑइलचा ५ किलोचा ‘छोटू’ सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, ओळखपत्र पुरतं. काही पेट्रोल पंपांवर आणि गॅस एजन्सीत चौकशी करा. दुसरा मार्ग इंडक्शनचा. त्यासाठी भांड्याचा तळ सपाट हवा आणि त्याला लोहचुंबक चिकटायला हवं. फ्रीजवर लावायचं चुंबक खिशात घालूनच भांड्याच्या दुकानात जा.

भांडं पसरट हवं. साधारण २४ सेंटिमीटर रुंद फ्रायपॅन आणि त्यावर नीट बसणारं झाकण, काचेचं असेल तर फारच छान. खोल पातेल्यात टोमॅटोचं पाणी आटायला दुप्पट वेळ लागतो, कारण वाफ निघायला जागाच कमी.

कोणतं भांडं घ्यायचं नाही, तेही सांगतो. आईने दिलेला लोखंडी तवा किंवा बिडाची कढई इथे नको. टोमॅटोचं आम्ल लोखंडावर चढलेला तेलाचा थर खातं, रस्सा काळपट होतो आणि जिभेला धातूची चव लागते. साध्या ॲल्युमिनियमच्या कढईचंही तसंच. नॉनस्टिक किंवा जाड बुडाचं स्टील घ्या.

२. सामान: दोघांसाठी

- अंडी ४
- टोमॅटो ४ मध्यम, साधारण ४०० ग्रॅम, लाल आणि दाबल्यावर किंचित दबणारे
- कांदे २ मध्यम
- लसूण ५-६ पाकळ्या, आलं अर्धा इंच
- हिरव्या मिरच्या २
- तेल २ मोठे चमचे
- जिरे अर्धा चमचा, हळद पाव चमचा, लाल तिखट अर्धा ते एक चमचा
- मीठ पाऊण चमचा, पुढे चव बघून
- गूळ, सुपारीएवढा
- कोथिंबीर मूठभर
- व्हिनेगर १ चमचा, असेल तर

नुसता ‘चमचा’ म्हटलंय तिथे चहाचा. व्हिनेगरबद्दल एवढंच: पारशी स्वयंपाकात नवसारीच्या कोलाह यांच्या उसाच्या व्हिनेगरला फार मान आहे आणि तो मिळाला तर जरूर घ्या. नाही मिळाला तर चायनीजच्या गाडीवरचा पांढरा व्हिनेगर घालू नका, तो नुसताच झोंबतो. त्यापेक्षा काहीच न घातलेलं चांगलं.

लिंबू, गरम मसाला, कसुरी मेथी, चाट मसाला यांपैकी काहीही या यादीत विसरून राहिलेलं नाही.

३. आधी सगळं चिरून ठेवा

सराईत बायका एकीकडे फोडणी घालून दुसरीकडे कांदा चिरतात. तुम्ही नका करू. कांदा बारीक चिरा, मिरच्या चिरा, आलं-लसूण ठेचून घ्या, तिखट-हळद एका वाटीत काढा, आणि मगच गॅस पेटवा.

टोमॅटो चिरण्याऐवजी किसा. आडवा अर्धा कापायचा, कापलेली बाजू किसणीवर धरून घासायची. गर खाली पडतो आणि साल सपाट होऊन हातात राहते. चिरलेल्या टोमॅटोच्या साली शिजल्यावर गुंडाळ्या होऊन दातात येतात, तो प्रश्नच मिटतो. मला थोडे तुकडे आवडतात म्हणून मी तीन किसतो आणि एक चिरतो.

टोमॅटोतही प्रकार आहेत. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेट भरून शहरात येतो तो बहुतेक संकरित, जाड सालीचा आणि कमी आंबट. तो या कामाला चांगला, गर भरपूर निघतो. गावठी टोमॅटो जास्त रसाळ आणि आंबट असतो. त्याची चव खरी वरचढ, पण आटायला पाच-सात मिनिटं जास्त धरा आणि गूळ किंचित वाढवा.

४. अंडी तपासा

किराणा दुकानातलं अंडं डझनावर मिळतं, घाऊकवाल्याकडे ३०च्या ट्रेवर. एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, रोज जाहीर करते तो भाव १०० अंड्यांचा असतो, त्यामुळे पेपरातला आकडा बघून दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी भागाकार करा. श्रावणात भाव उतरतात, थंडीत चढतात.

ताजेपणा बघायला अंडं पाण्याच्या वाडग्यात सोडा. आडवं पडून राहिलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर जुनं, आजच पूर्ण शिजवून खा. तरंगलं तर टाकून द्या. कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. दिवस जातात तसा आतला ओलावा उडतो, रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं वर येतं.

इथे ताज्या अंड्याला खास महत्त्व आहे. ताज्याचं पांढरं घट्ट असतं आणि बलकाभोवती राहतं. जुन्याचं पाण्यासारखं पसरतं आणि टोमॅटोत मिसळून फाटल्यासारखं दिसतं. जुनी अंडी असतील तर सरळ भुर्जी करा.

फ्रीजमधली अंडी चिरायला बसतानाच बाहेर काढून ठेवा. गार अंडं टोमॅटोवर पडलं की वरचा भाग शिजायला वेळ लागतो आणि तोवर खालचा रबर होतो.

५. कांदा: सात-आठ मिनिटं

तेल मध्यम आचेवर तापवा. जिरे घाला, तडतडले की कांदा आणि मिरची. चिमूटभर मीठ लगेच घाला, कांद्याचं पाणी सुटून तो लवकर मऊ पडतो. बिर्याणीसारखा तपकिरी करायचा नाही. कडा सोनेरी दिसू लागल्या आणि कच्चा वास गेला की झालं. मग ठेचलेलं आलं-लसूण, अर्धा मिनिट परता.

हळद-तिखट आत्ता घालू नका. कोरड्या गरम तेलात तिखट काही सेकंदांत करपतं, ठसका लागतो आणि कडवट चव शेवटपर्यंत जात नाही. टोमॅटो पडल्यावर घाला.

६. टोमॅटो: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

किसलेला टोमॅटो, हळद, तिखट आणि उरलेलं मीठ एकदम घाला. आच मध्यमच. झाकण ठेवायचं नाही. आपल्याला पाणी उडवायचं आहे, झाकण ते परत आत पाडतं.

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. म्हणजे तुमच्या ४०० ग्रॅममध्ये पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं बरंचसं जायला हवं. पहिली तीन-चार मिनिटं ते गुलाबीसर, फेसाळ दिसेल आणि ओट्यावर शिंतोडे उडतील. पाचव्या-सहाव्या मिनिटाला रंग गडद होऊ लागतो आणि वास बदलतो: कच्चा, हिरवट वास जाऊन गोडसर येतो. दहा-बारा मिनिटांनी कडेला तेल दिसू लागतं.

तेल सुटलं की नाही ते नवख्याला कळत नाही, आणि तेल कमी घातलं असेल तर ते फारसं सुटतही नाही. त्यापेक्षा उलथण्याची परीक्षा घ्या. उलथणं मधोमध तळाला टेकवून एक रेघ ओढा. रेघेत लगेच पाणी भरलं तर अजून शिजवा. दोन-तीन सेकंद तळ दिसत राहिला आणि मग रस्सा हळूहळू सरकून आला, तर बरोबर जमलंय. रेघ तशीच उघडी राहिली तर फार आटलं, दोन-तीन चमचे गरम पाणी घाला.

इंडक्शनवर करणाऱ्यांनी कांद्याला साधारण १२०० वॅट, टोमॅटोला ८०० आणि अंड्यांना ४००-५०० धरावं. कमी वॅटवर बहुतेक इंडक्शन सतत मंद तापत नाहीत, चालू-बंद होत राहतात. म्हणून मधूनच उसळी आणि मधूनच शांतता असं दिसेल, यंत्र बिघडलेलं नाही.

आता गूळ घाला आणि चव बघा. अंडी पडल्यावर काहीच सुधारता येत नाही, तेव्हा हा शेवटचा मुक्काम. चव नुसत्या रश्श्याला थोडी जास्त वाटायला हवी, मीठही आणि तिखटही, कारण अंडं वर पडलं की ती सौम्य होते. आंबट वाटतंय? अजून थोडा गूळ. सपक वाटतंय? तिखट वाढवण्याआधी मीठ वाढवून बघा, दहातल्या आठ वेळा कमतरता मिठाचीच असते. व्हिनेगर घालणार असाल तर आत्ता, आणि मग अर्धा मिनिट उकळू द्या.

रस्सा पॅनमध्ये सारखा पसरा. थर बोटाच्या अर्ध्या-पाऊण पेराएवढा हवा. यापेक्षा पातळ असेल तर अंडी तळाला चिकटतील.

७. अंडी फोडा, पण थेट पॅनवर नाही

आच मंद करा. चमच्याच्या पाठीने रश्श्यात चार खळगे करा, एकमेकांपासून आणि कडेपासून अंतर ठेवून. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा आणि मग वाटी खळग्याला टेकवून अलगद ओता. दोन कारणं: एखादं खराब निघालं तर तीन चांगल्यांसकट सगळा रस्सा जात नाही, आणि कवचाचा तुकडा पडला तर काढता येतो. तो तुकडा फुटलेल्या कवचाच्याच कडेने उचला, बोटाला निसटत राहतो.

बलक फुटला तर? एक फुटला तर तसाच राहू द्या. दोन-तीन फुटले तर सगळं ढवळून टाका, आच थोडी वाढवा आणि ओलसर असतानाच उतरवा. विचारणाऱ्याला आकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची भुर्जी, केली म्हणून सांगा. खऱ्या आकुरीशी त्याचं नातं लांबचं आहे, पण सकाळी आठ वाजता कोणी उलटतपासणी घेत नाही.

प्रत्येक अंड्यावर चिमटीभर मीठ भुरभुरा. हे विसरलं तर पांढरा भाग फार अळणी लागतो.

८. झाकण आणि पाच मिनिटं

आता मात्र झाकण हवंच. खाली टोमॅटो १०० अंशांच्या जवळ आहे आणि वर खोलीतली हवा. झाकण नसेल तर अंडं फक्त खालून शिजतं. झाकणाखाली अडकलेली वाफ वरची बाजू शिजवते.

अंड्याचं पांढरं साधारण ६२ अंशांच्या पुढे दुधाळ होऊ लागतं, पण पूर्ण घट्ट व्हायला ८०च्या आसपास जावं लागतं. बलक ६५ ते ७० अंशांत दाटतो. म्हणजे पांढरं घट्ट आणि बलक वाहता ही लोकांची आवडती अवस्था खरं तर अवघड मागणी आहे. मंद आच आणि झाकण यांनीच ती साधते.

मंद आचेवर चार मिनिटांनी बघा. पॅन हलकेच हलवा. पांढरं थरथरत असेल आणि कुठे पारदर्शक दिसत असेल तर आणखी एक मिनिट. फक्त बलक थरथरत असेल तर गॅस बंद करा आणि झाकण लगेच काढा. रस्सा गरम आहे, अंडी ताटात येईपर्यंत शिजतच राहतात. तुम्हाला हवं त्यापेक्षा थोडं आधी थांबा.

बलकावर वाफेने पांढरट पापुद्रा येतो. फोटोतल्यासारखा पिवळाधमक बलक दिसत नाही म्हणून झाकण उघडून बसू नका, चवीत फरक नाही. झाकणाला जमलेलं पाणी अंड्यांवर टपकत असेल तर मध्ये एकदा झाकण पुसून परत ठेवा.

लहान मुलं, गरोदर बाई, घरातली वयस्कर किंवा आजारी माणसं खाणार असतील तर वाहता बलक नको. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. आणि कवचाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हे सगळ्यांनाच लागू.

कोथिंबीर पेरा आणि पॅन तसाच टेबलावर न्या. ताटात सरकवण्याच्या खटपटीत बलक फुटतात. खाली जाड फडकं ठेवा.

९. कशाबरोबर

पाव. मुंबईत असाल तर कडक ब्रून, त्याच्या कवचाने रस्सा निपटायला मजा येते. नसेल तर लादी पाव तव्यावर लोणी लावून भाजून. गोव्यात असाल तर पोई, तिला तोड नाही. शिळी पोळी तव्यावर कडक करून घेतली तरी चालते, आणि ज्वारीची भाकरी माझ्या मते पोळीपेक्षा चांगली, कारण ती रस्सा पिते. स्लाइस ब्रेड मात्र भाजल्याशिवाय नको, हातातच विरघळतो.

सोबत चहा. इराण्याच्या हॉटेलात, मग ते धोबी तलावचं १९०४ सालचं कयानी असो की पुण्यात डेक्कनचं १९३५ सालचं गुडलक, अंडं-पाव-चहा ही जोडी कोणी मोडत नाही. आपणही मोडू नये.

१०. घरात अमुक नसेल तर

टोमॅटो महाग असतात तेव्हा काय? २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ बाजारात ते दीडशे-दोनशे रुपये किलोवर गेले होते. अशा वेळी दोन टोमॅटो आणि २०० ग्रॅमची तयार प्युरी घ्या. प्युरी आधीच शिजवलेली असते, आटवायचा वेळ निम्मा होतो. केचप हा पर्याय नाही. गुळाऐवजी एखादा चमचा घाला, त्यापलीकडे ते सगळं गोड करून टाकतं.

परदेशात असाल तर डब्यातले सोललेले टोमॅटो वापरा. ४०० ग्रॅमचा एक डबा दोघांना बरोबर होतो. थंडीतल्या तिथल्या फिकट टोमॅटोपेक्षा डब्यातले कितीतरी चांगले असतात, हाताने कुस्करून घाला.

लाल तिखटाऐवजी कांदा-लसूण मसाला असेल तर जरूर वापरा. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फक्त त्यात बहुतेक वेळा मीठ असतं, म्हणून वरचं मीठ कमी करा, आणि लसूणही निम्मा पुरेल.

आलं नाही? चालेल. कोथिंबीर नाही? चालेल. कांदा नाही? मग दुसरं काहीतरी करा.

दोघांऐवजी सहा जण जेवायला असतील तर माप तिप्पट करून एकाच पॅनमध्ये कोंबू नका. थर जाड होतो, पाणी आटत नाही. रस्सा मोठ्या पातेल्यात आधी आटवून घ्या आणि अंडी दोन पॅनमध्ये फोडा.

११. भांडी आणि उरलेलं

अंड्याची भांडी आधी गार पाण्याने धुवा, मग साबणाने. गरम पाण्याने अंडं भांड्यालाच शिजून चिकटतं, आणि वासही राहतो. कवचं सिंकजवळच्या डब्यात रात्रभर ठेवू नका, मुंग्या येतात. लगेच ओल्या कचऱ्यात टाका किंवा चुरडून कुंडीत.

शिजलेली अंडी उरवू नका, परत गरम केली की बलक खडूसारखा कोरडा होतो. रस्सा मात्र मुद्दाम जास्त करून ठेवावा. अंडी फोडण्याआधी अर्धा बाजूला काढा, गार झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगला राहतो. कामाच्या दिवशी सकाळी तो दोन चमचे पाणी घालून खदखदेपर्यंत गरम करायचा आणि थेट सातव्या पायरीवर यायचं. चहा उकळेपर्यंत नाश्ता तयार होतो.